उशीवर एक पाय

पहिला खिमा भरलेला एम्पनाडा निम्मासुद्धा खाऊन झाला नव्हता, तेवढ्यात मार्सियानं विषय काढला.

"खोली मिळाली आहे. क्विल्पुएला, सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमात. तळमजला. दारापर्यंत गाडी जाते, एकही पायरी नाही. सोमवारी आईला घेऊन जायचं."

माझी ही मोठी नणंद अशीच आहे. अठरा सप्टेंबर, देशाचा सण, घराघरावर झेंडे, सगळ्या टेकडीवर भाजत्या मांसाचा धूर, आणि हिला आजच सापडला मुहूर्त. बरं, बोलायची काही रीत? आई समोर बसलेली, आणि म्हणे 'आईला घेऊन जायचं'! जसं काही कपाट हलवायचंय.

सासूबाईंनी एम्पनाडातलं ऑलिव्ह चघळून बी ताटाच्या कडेला ठेवली. वय त्र्याऐंशी, वजनाला माझ्या निम्म्या, पण आवाज असा की खालच्या घरातली कुत्री भुंकायची थांबतात.

"कुणाला न्यायचं म्हणालीस?"

"तुला, आई. मे महिन्यात पायऱ्यांवर पडलीस, मनगट मोडलं. ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरात पडलीस. आता पुन्हा पडशील तेव्हा खुबा मोडेल. आणि इथं अँब्युलन्स तरी येते का दारात?"

यात खोटं काही नव्हतं. आमच्या घराला रस्ता नाही. खाली गाड्यांचा रस्ता, वरही गाड्यांचा रस्ता, आणि मधल्या पायऱ्यांच्या अध्येमध्ये आम्ही. वाल्पाराइसोत निम्मं गाव असंच राहतं. माणूस आजारी पडला तर त्याला खुर्चीत बसवून खाली उतरवायचं.

मी धाकट्या नणंदेकडे, यास्नाकडे पाहिलं. ती मान खाली घालून सॅलडमधला कांदा निवडत होती. म्हणजे दोघींचं गाडीतच ठरलं होतं तर! यास्ना एरवी आईची शेपूट. पण मार्सियाबरोबर तासभर प्रवास केला की कुणाचंही मत बदलतं.

राहिला माझा नवरा. वाल्दो अंगणाच्या कोपऱ्यात शेगडीपाशी उभा होता, आमच्याकडे पाठ करून. साठी उलटली तरी आईला सोडून हा एक आठवडा कुठं राहिला नाही. मला वाटलं, आता हा चिमटा आपटून वळेल आणि बहिणीला दोन शब्द सुनावेल. त्यानं मांसाचा तुकडा उलटा केला. मग तोच तुकडा पुन्हा सुलटा केला.

"वाल्दो, ऐकतोयस ना?" मार्सिया म्हणाली. "दोन्ही वेळेला तू होतास घरात. तूच सांग, आईनं इथं राहावं का?"

"आई म्हणेल तसं," तो शेगडीला म्हणाला.

मला इतका संताप आला! तोंडाला काय कुलूप लावलंय याच्या? पण पाहुण्यांसमोर नवऱ्याशी भांडायचं नाही, हे माझ्या आईनं मला शिकवलेलं. म्हणून मी पाव कापत बसले आणि पावावर राग काढला.

मार्सियाला मी दुष्ट म्हणणार नाही. तिनं मला पुढे सांगितलं की मे महिन्यापासून ती फोन उशाशी घेऊन झोपायची, आणि तो वाजला की आधी देवाचं नाव घेऊन मगच उचलायची. भीतीनं माणूस हुकूम सोडायला लागतो, तसं तिचं झालं होतं. पण त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मला तिची ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसायची तऱ्हाच डोक्यात जात होती.

"मी आता पडत नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी वर्गाला जाते."

"कसला वर्ग? ते खुर्च्या धरून नाचणं?"

"नाच नव्हे, तोल सांभाळायचा व्यायाम. दवाखान्यातली पाओला येते शिकवायला. आधी खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवायचे. मग एकच हात. मग एक बोट. मग तेही काढायचं. कुएका नाचाची पावलं करून घेते, टाच आणि चवडा, जमीन झाडल्यासारखी. एका रेषेवरून चालवते, टाचेला बोटं चिकटवून. तुला जमेल का गं मार्सिया? पोलीस अडवतील, दारू प्यायलीस म्हणून."

यास्ना फिसकन हसली. मार्सियानं तिला कोपर मारलं.

"आई, तुझ्या वयाला व्यायामानं काय होणार आहे?"

"काय होतं ते बघायचंय? यास्ना, आतून सोफ्यावरची उशी आण. आणि सगळ्यांनी चपला-बूट काढा."

सासूबाईंना तेव्हा जरा चढली होती. वाइन नव्हे, तीही अर्धा पेला झाली होती म्हणा, पण खरी चढली होती ती ईर्ष्या. त्यांना मार्सियाला हरवायचं होतं. त्या नादात आपण काय उघडकीला आणतोय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. नंतर त्या स्वतःच कपाळावर हात मारून म्हणाल्या, "जिभेला लगाम घालत आले इतके महिने, आणि पायानं घात केला."

उशी फरशीवर ठेवली. सासूबाई अनवाणी तिच्यावर चढल्या. उशी दबली, पाऊल डगमगलं, मार्सिया किंचाळत उठली.

"कोणी धरायचं नाही!" सासूबाई गरजल्या. "धरलंत की मी पडते."

त्यांनी डावा पाय उचलला. घोटा थरथरत होता, बोटं उशी पकडत होती, सोडत होती. पण त्या उभ्या होत्या. नजर समोर, बंदरातल्या क्रेनवर. हात कमरेवर. मी स्वतः हबकले. रोज एका घरात राहते, मे महिन्यात याच बाईला मी चमच्यानं सूप भरवलं होतं, आणि हे मी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी मी शाळेच्या स्वयंपाकाला जाते. घरी काय चालतं ते मला कसं कळणार? स्वयंपाकघराच्या फरशीवर चिकटपट्टीची एक लांब रेष होती, तेवढी पाहिली होती. "माझा गृहपाठ आहे," असं त्या म्हणाल्या होत्या.

"बाई गं!" यास्ना म्हणाली, आणि तिथंच तिचा पक्ष बदलला. "मला येऊ दे!"

यास्ना चढली आणि लगेच पडली, हसत हसत. मग मी. मी जरा टिकले. मार्सिया नको नको म्हणत पर्स खुर्चीवर ठेवून चढली आणि असे हात फिरवायला लागली की जणू माशा हाकलतेय. सगळ्या हसलो. खरं सांगते, मार्सियासुद्धा हसली. मला वाटलं, सुटलं. आता सोमवार टळला.

"आता वाल्दो!" यास्ना ओरडली. "या घरचा उस्ताद! आयुष्यभर लोकांच्या छपरांवर पत्रे ठोकत चाललाय. चल, चढ!"

"मांस जळेल."

"जळू दे! घाबरलास काय आईला?"

"त्याला राहू दे," सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम वेगळा. हसू कुठल्या कुठे गेलं. "यास्ना, त्याला राहू दे म्हणते ना."

पण यास्ना ऐकते थोडीच? ती शेंडेफळ. लहानपणी भावाच्या पायाला मिठी मारून बसायची आणि तो तिला घरभर ओढत न्यायचा म्हणे. तशीच ती फरशीवर बसली आणि त्याचा बूट धरून ओढायला लागली. वाल्दोच्या एका हातात चिमटा, दुसरा हात भिंतीवर. तो म्हणत होता, "सोड, यास्ना. सोड गं. ऐक." त्याला वाटत होतं की आता आपण पडणार, सगळ्यांसमोर, शेगडीवर. नंतर मला म्हणाला, बाकी काही डोक्यात नव्हतं, एवढंच की शेगडीवर नको.

बूट निघाला.

यास्ना हसत होती, आणि हसताहसताच तिचा चेहरा कसातरी झाला. तिनं हात पाहिला. हात लाल होता. वाल्दोचा राखाडी मोजा तळव्याकडून काळा, भिजून चिंब, आणि त्याच्यातून फरशीवर थेंब पडत होते. तिनं बूट उलटा केला. तळाला पत्र्याच्या खिळ्याचं रुंद डोकं चपटं बसलेलं. बुटाच्या आत टोक उभं, बोटाच्या पेराएवढं.

मार्सिया तोंडावर हात ठेवून उभी. खाली कुठंतरी पतंगावरून पोरांचं भांडण चाललेलं. आणि वाल्दो आपल्या पायाकडे बघत होता, कुणा दुसऱ्याचा पाय असावा तसा.

"अरे," तो म्हणाला. एवढंच. मग, "कुणीतरी मांस उतरवा."

सकाळी वाऱ्यानं उचकटलेला शेगडीवरचा पत्रा त्यानं ठोकला होता. म्हणजे सकाळपासून! सकाळपासून हा माणूस पायात खिळा घेऊन अंगणात फिरत होता. कोळसा आणला, टेबल मांडलं, माझ्या केसातली राख झटकली. मी त्याला खुर्चीत बसवलं, मोजा काढला, आणि त्या भोकाभोवती अंगठ्यानं दाबलं. जोरात दाबलं. जरा चीडही होती त्यात.

"दुखतंय?"

"नाही."

"इथं?"

"नाही, नेल्दा."

"कधीपासून?"

त्यानं उत्तर द्यायच्या आधी आईकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, आईकडे. ते मला खिळ्यापेक्षा जास्त लागलं.

वाल्दोला साखर आहे हे मला ठाऊक होतं. त्याच्या गोळ्या मीच डबीत भरते. मागे एकदा म्हणाला होता, पायांना मुंग्या येतात. मग काही दिवसांनी म्हणाला, गेल्या. मी खूश झाले होते हो! मुंग्या गेल्या म्हणून मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले. आणि इथं त्याचे पायच गेले होते.

"आई," मार्सिया हळूच म्हणाली, "मे महिन्यात पायऱ्यांवर कोण पडलं?"

सासूबाई उशीवरच बसल्या होत्या. एप्रनला हात पुसत होत्या, पुसायला काही नसताना.

"दोघं."

"नीट सांग."

"नीटच सांगते. बाजारातून येत होतो. त्याला पायरी लागलीच नाही. पाय हवेत ठेवला आणि मला धरलं. मी खाली, तो वर. शंभर किलोचं पोरगं अंगावर पडल्यावर मनगट काय राहणार आहे?"

"आणि तू आम्हाला सांगितलंस की एकटीच घसरलीस!"

"मग काय सांगू? म्हातारी पडली तर लोक बिचारी म्हणतात आणि सूप आणून देतात. छपरावर चढणारा माणूस पडतो असं टेकडीवर कळलं, तर त्याला परत कोण शिडी लावू देईल?"

"ऑगस्टमध्ये?" मी विचारलं. "स्वयंपाकघरात तर मी स्वतः तुम्हाला जमिनीवरून उचललं. धाड्कन आवाज आला, मी कपडे टाकून धावत आले, तुम्ही आडव्या पडला होतात."

सासूबाईंनी वाल्दोकडे पाहिलं. आता आई मुलाकडे बघत होती.

"सांगून टाक," तो म्हणाला. "आता काय राहिलंय?"

"तो पडला होता. दिवा बदलताना, स्टुलावरून. उठला कसाबसा. तुझी पावलं ऐकू आली... आणि मी आडवी झाले."

"आडवी झाले म्हणजे?"

"म्हणजे झोपले गं, जमिनीवर! पाओलानं शिकवलंय आम्हाला जमिनीवर कसं जायचं आणि परत कसं उठायचं ते. आधी गुडघा, मग हात, मग कूस. बरं जमलं मला. तू येईस्तोवर झाले आडवी."

मी त्यांच्या पाठीला आठवडाभर तेल चोळलं होतं. आठवडाभर! शाळेत कढई घासून माझे खांदे मोडलेले, आणि रात्री यांच्या पाठीला तेल.

"पाठीला काही झालंच नव्हतं तुमच्या?"

"नाही. पण बरं वाटायचं हो. तुझा हात चांगला आहे."

यास्ना हसायला लागली आणि हसताना रडायला लागली, बूट अजून मांडीवर. मला दोघांना फाडून खावंसं वाटत होतं. एका घरात, एका ताटात जेवणारी तीन माणसं, आणि त्यातली दोघं रोज सकाळी मी गेले की काय करत होती? चिकटपट्टीच्या रेषेवरून माझा नवरा चालत होता. टाचेला बोटं चिकटवून. सासूबाई वर्गातून शिकून यायच्या आणि दार लावून त्याला शिकवायच्या, कारण त्या वर्गात सगळ्या बायका, आणि हा मेला तरी तिथं जाणार नाही म्हणाला. खुर्चीवर दोन्ही हात, मग एक हात. एका बोटापर्यंत काही तो आला नव्हता.

"आणि छपरावर कसा जातोस?" मी विचारलं.

"बसून सरकतो."

"देवा!"

"पायानं कळत नाही, पण हातानं पत्रा कळतो, नेल्दा. हात चांगले आहेत अजून."

मार्सिया आईवर उसळली. "तू त्याला मारलं असतंस! कळतंय का तुला? तो वरून पडला असता तर काय सांगितलं असतंस, तू पडलीस म्हणून?"

"म्हणूनच तर तुझ्या त्या आश्रमात येत नव्हते!" म्हातारीचा आवाज फाटला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज फाटलेला ऐकला. "तिथं पायरी नाही म्हणतेस. मी पायऱ्यांना घाबरते का? मी गेले तर हा कुणाला धरून उतरणार? मला शपथ घातली होती यानं. बायकोला सांगशील तर याद राख म्हणाला. मग मी काय करायचं होतं? तुम्हीच सांगा ना, इतक्या शहाण्या आहात!"

मार्सियानं खाली बसून आईचे अनवाणी पाय हातात घेतले आणि त्यांना एकेक करून मोजे घातले. सोमवारबद्दल ती त्यानंतर एक अक्षर बोलली नाही.

पाय धुतला, फडकं बांधलं. दवाखान्यात जायलाच हवं होतं, गंजका खिळा तो. मार्सिया गाडी आणायला पुढे धावली. मी म्हटलं, शेजारच्या पोरांना बोलावते, खुर्चीतून उतरवू. वाल्दो खुर्ची मागे सारून उठला. "चालत जाईन. टाचेवर."

मी त्याच्या काखेत हात घालायला गेले, पण सासूबाई आधीच पुढे झाल्या होत्या. काही न बोलता त्या त्याच्या पुढे, एक पायरी खाली उभ्या राहिल्या, त्याच्याकडे पाठ करून. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि दोघं उतरायला लागले, न अडखळता, एकाच ठेक्यात. त्या पाय ठेवायच्या, थांबायच्या, मग तो ठेवायचा. हे पहिल्यांदा होत नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

खिडकीतून शेजारच्या एल्बाबाईंनी सासूबाईंना हाक मारली. "काय गं झुनिल्दा, सणाच्या दिवशी कुठं निघालात? वाल्दो, सांभाळून ने हो आईला! असा मुलगा प्रत्येकीला मिळायला हवा. रोज बघते मी, खांद्यावरचा हात काढत नाही कधी."

"मिळालाय खरा," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढची पायरी उतरल्या.

रोज बघते मी! सगळी टेकडी रोज बघत होती. मीही बघत होते, दारातून, हात पुसत, आणि मनात म्हणत होते, नवरा कसाही असो, आईला जपतो. मला तिथंच रडू फुटलं. रागाचं होतं, आणि दुसऱ्याही कशाचं तरी.

"थांबा," मी ओरडले. "आई, बाजूला व्हा."

"तुला जमायचं नाही, पोरी. तुझा खांदा उंच पडतो त्याला."

"मग शिकवा."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. वाल्दो म्हणाला, "नेल्दा, राहू दे गं." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. सासूबाई भिंतीच्या कडेला सरकल्या, यास्नाचा पुढे आलेला हात त्यांनी झटकला, आणि मला दंडाला धरून आपल्या जागी उभं केलं.

"दोन पायऱ्या खाली राहा, तू उंच आहेस. मागे वळून बघायचं नाही. 'सावकाश' म्हणायचं नाही, त्याला राग येतो. आधी तू पाय ठेव, मग थांब. तो येईल."

मी पाठ केली. समोर सगळ्या पायऱ्या, खाली रस्ता, मार्सियाच्या गाडीचं उघडं दार. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याचा हात खांद्यावर आला. मी पाय ठेवला. थांबले.

तीस वर्षांच्या संसारात वाल्दो मला कधी भीती वाटते म्हणाला नव्हता. तेव्हाही म्हणाला नाही. त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतली, हाडापर्यंत, आणि त्याची सगळी भीती तिथून माझ्यात उतरली. मला दुखत होतं. मी वळून पाहिलं नाही.